चर्चाविश्व कसं ओळखायचं आणि कसं तपासायचं

प्रश्न असा आला आहे: बेरोजगारीवरचे वृत्तलेख आणि सरकारी अहवाल घेऊन प्रबंध लिहायचा आहे. मार्गदर्शक म्हणतात, नुसता आशय सांगू नका, डिस्कोर्स (मराठीत चर्चाविश्व) बघा. फ्रेंच विचारवंत फुको वाचला, पण हाती काही लागलं नाही. डिस्कोर्स म्हणजे एखाद्या विषयावरची प्रचलित मतंच ना? मग सरळ विचारधारा का म्हणू नये? आणि सगळं काही बोलण्यातूनच घडतं असं म्हटलं, तर ज्याचं काम गेलं त्याचे हाल खरे नाहीत का?

तिन्ही शंका रास्त आहेत आणि हा विषय शिकवताना दर वर्षी याच क्रमाने समोर येतात. शेवटची शंका मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिचं उत्तर न मिळाल्यामुळे कित्येक चांगले विद्यार्थी एक तर हा विषय सोडून देतात, नाही तर सगळंच खोटं असल्याच्या सुरात लिहू लागतात. तिच्याकडे येतेच, पण आधी पहिली.

चर्चाविश्व म्हणजे मतांचा संग्रह नव्हे. दोन माणसं एकमेकांवर तुटून पडत असतील आणि तरीही एकाच चर्चाविश्वात उभी असतील. तुमचाच विषय घ्या. एक लेखक म्हणतो, बेरोजगार भत्त्यामुळे लोक काम शोधेनासे होतात. दुसरा म्हणतो, भत्ता तुटपुंजा आहे, तो वाढवला पाहिजे. मतं टोकाची आहेत. पण ‘बेरोजगार’ नावाचा एक गट आहे, तो मोजता येतो, त्याचा एक दर असतो, तो दर चढतो-उतरतो आणि त्याबद्दल सरकारला जाब विचारता येतो, हे दोघांनीही गृहीत धरलं आहे. वाद त्यानंतर सुरू होतो. वादाच्या आधीच जे ठरून गेलेलं असतं, ते शोधणं हे आपलं काम.

ते नेहमीच तसं ठरलेलं नव्हतं. १८३४ च्या इंग्लंडमधल्या गरिबांविषयीच्या कायद्यात धडधाकट असून मदत मागणारा माणूस हा मुख्यतः स्वभावाचा प्रश्न आहे. त्याला श्रमगृहात ठेवायचं आणि तिथली अवस्था बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराच्या अवस्थेपेक्षाही वाईट राहील अशी व्यवस्था करायची, म्हणजे तो आपणहून कामाला लागेल, असा त्यामागचा हिशोब. १९०९ मध्ये विल्यम बेव्हरिज या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने बेरोजगारीवर पुस्तक लिहिलं आणि उपशीर्षकातच हा उद्योगाचा प्रश्न असल्याचं सांगून टाकलं. मधल्या काळात माणसं एकाएकी सद्गुणी झाली नव्हती. बोलण्याचा विषय मात्र बदलला होता. आळशी, भटका, भिकारी या नीतीच्या वर्गवारीतून काही माणसं बाहेर काढली गेली आणि श्रमाच्या बाजाराच्या वर्गवारीत नेऊन बसवली गेली. त्याबरोबर बोलण्याचा अधिकार असलेली माणसंही बदलली. पाद्री आणि दानशूर मंडळी मागे सरली, संख्याशास्त्रज्ञ आणि अर्थतज्ज्ञ पुढे आले.

मिशेल फुकोने १९६९ च्या पुस्तकात, म्हणजे ज्यात त्याने आपल्या पद्धतीचा हिशोब मांडला त्यात, हेच सांगितलं आहे. चर्चाविश्व म्हणजे चिन्हांचा समूह नसून अशा रीती, ज्या आपण ज्या गोष्टींबद्दल बोलतो त्या गोष्टीच पद्धतशीरपणे घडवतात. पुस्तक अवघड आहे यात शंका नाही. पण त्याचा व्यवहारात उपयोगी पडणारा गाभा चार प्रश्नांत मावतो. बोलण्याचा विषय कसा तयार झाला? कोणाला, कोणत्या जागेवरून बोलण्याचा अधिकार मिळाला? कोणत्या संकल्पना एकमेकींशी जोडल्या गेल्या? आणि त्यातून कोणते पर्याय खुले झाले, कोणते मिटले? बेव्हरिजच्या उदाहरणात चारही प्रश्नांची उत्तरं सापडतात. ती स्वतः लिहून काढा, हात बसेल.

पुढच्याच वर्षी, २ डिसेंबर १९७० रोजी, कॉलेज द फ्रान्समधल्या पहिल्या व्याख्यानात त्याने मेंडेलचं उदाहरण दिलं. वाटाण्यावरच्या प्रयोगांचा मेंडेलचा निबंध १८६६ मध्ये छापून आला. त्याची दखल घेतली गेली ती १९०० मध्ये. फुकोचं म्हणणं असं की मेंडेल खरं बोलत होता, पण त्या काळच्या जीवशास्त्राने खऱ्याखोट्याचा निवाडा करण्यासाठी जे आवार आखलं होतं, त्याच्या बाहेर उभा राहून बोलत होता. त्याने वेगळा काढलेला आनुवंशिक गुण, त्याची मोजणी, त्याचं गणित, यांतलं काहीच त्या शास्त्राच्या ओळखीचं नव्हतं. विधान चूक ठरण्यासाठीसुद्धा आधी ते गंभीर विधान म्हणून स्वीकारलं जावं लागतं. ही पायरी लक्षात ठेवा. आपण विधान खरं की खोटं एवढंच तपासत बसतो आणि ते विधान म्हणून मोजलं तरी गेलं का, हे विचारतच नाही.

आता एक प्रकरण जरा जवळून बघू, कारण व्याख्येने जे समजत नाही ते कागदपत्रांनी समजतं. जून १८३५ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीतल्या एका खेड्यात पिएर रिव्हिएर नावाच्या वीस वर्षांच्या शेतकऱ्याने आपली आई, बहीण आणि भाऊ यांचा खून केला. महिनाभर तो रानोमाळ भटकला, मग पकडला गेला. तुरुंगात त्याने एक दीर्घ निवेदन लिहिलं: आईने वडिलांना कसं छळलं, वडिलांना सोडवण्यासाठी आपण हे कसं ठरवलं आणि कसं केलं. फारसं न शिकलेल्या माणसाने लिहिलेला तो मजकूर विलक्षण सुसंगत आहे.

खटल्यात काय झालं पाहा. १८१० च्या फ्रेंच दंडसंहितेच्या कलम ६४ नुसार, कृत्य करताना आरोपी वेडाच्या भरात असेल तर गुन्हाच घडत नाही. त्यामुळे सगळं एका प्रश्नावर येऊन ठेपलं: हा वेडा की शहाणा? एका डॉक्टरने सांगितलं, वेड दिसत नाही. दुसऱ्याने सांगितलं, लहानपणापासूनच वेडा आहे. पुढे पॅरिसच्या नामांकित डॉक्टरांनीही, त्यांत त्या काळचा ख्यातनाम मनोविकारतज्ज्ञ एस्किरोलही होता, तो वेडा असल्याच्या बाजूने अभिप्राय दिला. गावकऱ्यांच्या साक्षी होत्या: हा एकटाच बडबडतो, प्राण्यांचे हाल करतो, बायकांपासून दूर पळतो. सरकारी पक्षाने याच साक्षी क्रौर्याचा पुरावा म्हणून वाचल्या, डॉक्टरांनी आजाराचा पुरावा म्हणून. आणि ते निवेदन? एका बाजूला ते शुद्ध बुद्धीचं लक्षण ठरलं, कारण वेडा माणूस इतकं नीटस लिहील कसा. दुसऱ्या बाजूला तेच भ्रमाचा दाखला ठरलं. त्याला मृत्युदंड झाला, राजाने तो जन्मठेपेवर आणला आणि १८४० मध्ये त्याने तुरुंगात गळफास घेतला.

फुको आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे सारे कागद १९७३ मध्ये एकत्र प्रसिद्ध केले आणि निवेदनाचा अर्थ लावायचा नाही असं ठरवलं. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. अर्थ लावला असता तर तेही आणखी एक डॉक्टर झाले असते. त्याऐवजी त्यांनी आपल्याला त्या टकरीसमोर उभं केलं. कायदा, वैद्यक, गावाचं बोलणं आणि आरोपीचा स्वतःचा आवाज एकाच घटनेवर आपापला हक्क सांगत आहेत, आणि एकमेकांशी वैर असलेल्या कायदा आणि वैद्यक या दोघांनाही ‘वेडा की शहाणा’ हाच एक प्रश्न मान्य आहे. रिव्हिएरच्या निवेदनात हा प्रश्नच नाही. तो वडिलांच्या दुःखाबद्दल, करारांबद्दल, कर्जाबद्दल, अपमानाबद्दल बोलतो आहे. त्याचं लिहिणं प्रत्येकाने वाचलं, पण पुरावा म्हणून वाचलं. वाद घालणाऱ्यांपैकी एक म्हणून त्याला कोणी मानलं नाही. चर्चाविश्व माणसाला गप्प करतं ते दर वेळी तोंड दाबून नव्हे. बरेचदा ते त्याला बोलू देतं आणि त्या बोलण्याला नमुन्याची जागा देतं. तुमच्या वृत्तलेखांतला बेरोजगार तरुण कुठे बोलतो, हे बघा. लेखाच्या सुरुवातीला त्याची व्यथा येते आणि कारणमीमांसा दुसऱ्याच कोणाकडून येते, असं किती वेळा घडतं?

विचारधारा का म्हणू नये, याचं उत्तरही यातून मिळतं. विचारधारा म्हटलं की आपसूक तीन गोष्टी चिकटून येतात. खरं ज्ञान एकीकडे आणि भ्रम दुसरीकडे. भ्रमात पडलेला एक जाणता ‘मी’. आणि खाली कुठेतरी आर्थिक पाया, ज्याची ही नुसती सावली. फुकोने याच कारणांसाठी तो शब्द टाळला. रिव्हिएरच्या खटल्यातले डॉक्टर खोटं बोलत नव्हते आणि कोणाचे हस्तकही नव्हते. त्यांचं शास्त्र प्रामाणिक होतं, आणि प्रामाणिक असूनच ते सत्ता गाजवत होतं. तरी मी विचारधारेचा शब्द मोडीत काढा असं सांगणार नाही. एखाद्या अहवालात उद्योगपतींच्या संघटनेचा हितसंबंध सरळ दिसत असेल तर तो हितसंबंध म्हणूनच मांडा. उगाच त्याला चर्चाविश्वाचा शेला पांघरू नका.

एका गोंधळाबद्दल इथेच सांगायला हवं. जर्मन तत्त्वज्ञ युर्गेन हाबरमासही डिस्कोर्स हाच शब्द वापरतो, पण जवळजवळ उलट अर्थाने. आपण रोज बोलतो तेव्हा तीन दावे गृहीत असतात: मी म्हणतो ते खरं आहे, ते रास्त आहे आणि मी ते मनापासून म्हणतो आहे. पैकी खरेपणाला किंवा रास्तपणाला कोणी हरकत घेतली की नेहमीचं बोलणं थांबतं आणि कारणं देण्या-घेण्याची वेगळी प्रक्रिया सुरू होते. तिथे पद, पैसा, धाक यांचं काही चालू नये; जोर फक्त अधिक सरस युक्तिवादाचा असावा. या प्रक्रियेला तो डिस्कोर्स म्हणतो. फुकोकडे हा शब्द जे चाललं आहे त्याच्या वर्णनासाठी येतो, हाबरमासकडे जे व्हायला हवं त्याच्या मापासाठी. प्रबंधात दोघांची अवतरणं शेजारीशेजारी ठेवून दोघं एकच बोलत असल्यासारखं लिहिलेलं मी फार वाचलं आहे. परीक्षक तिथेच पेन्सिल उचलतो.

हाबरमास मला टाकाऊ वाटत नाही. सत्ता सर्वत्र आहे एवढंच म्हणून थांबलं, तर ही व्यवस्था अन्याय्य आहे असं कोणत्या आधारावर म्हणायचं, हा त्याचा सवाल फुकोच्या बाजूने आजही नीट सुटलेला नाही. पण त्याच्या चित्रातही एक भोक आहे आणि ते अमेरिकी तत्त्वज्ञ नॅन्सी फ्रेझरने १९९० मध्ये नेमकं दाखवलं. चर्चेला काय घ्यायचं, हेच चर्चेआधी ठरून गेलं असेल तर? बायकोला होणारी मारहाण हा फार काळ घरगुती मामला होता; सार्वजनिक चर्चेत तो विषयच नव्हता, मग युक्तिवाद सरस असून काय उपयोग? असंच दुसरं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९७५ च्या सुमारास एका विद्यापीठात नोकरी करणाऱ्या स्त्रीने वरिष्ठाच्या अंगचटीला येण्याला कंटाळून राजीनामा दिला. बेरोजगार भत्त्यासाठी अर्ज करताना नोकरी सोडण्याचं कारण काय लिहायचं, हे तिला सुचेना. तिने वैयक्तिक कारण असं लिहिलं आणि अर्ज फेटाळला गेला. तिच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या बायकांनी मिळून ‘लैंगिक छळ’ हे नाव रूढ केलं. १९८६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा छळाला लिंगभेद मानून कायद्याच्या कक्षेत घेतलं. त्या स्त्रीचा त्रास नावाआधीही तितकाच खरा होता. दाद मागता येणारी गोष्ट मात्र तो नावानंतर झाला.

इथे तिसऱ्या शंकेचं अर्धं उत्तर आलं. उरलेलं अर्धं भूकंपातून देते. एर्नेस्तो लाक्लाऊ आणि शांताल मूफ या राजकीय विचारवंतांनी १९८५ मध्ये लिहिलं की भूकंप होतो तो आपल्या इच्छेवाचून होतो, याबद्दल वाद नाही. पण तो निसर्गाची घटना म्हणून उभा राहतो की देवाचा कोप म्हणून, हे चर्चाविश्वावर अवलंबून असतं. त्यांचं वाक्य कोरडं वाटलं तर पोर्तुगालची राजधानी लिस्बन आठवा. १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्च भरलेली असताना शहर कोसळलं. मागोमाग समुद्र चढून आला आणि आगी लागल्या. मालाग्रिदा या जेझुइट (कॅथलिक धर्मसंघातल्या) पाद्र्याने पुस्तिका काढून सांगितलं की खरं कारण लिस्बनची पापं आहेत, तेव्हा प्रायश्चित्त घ्या. त्याच सुमारास, पुढे पोम्बाल या पदवीने ओळखल्या गेलेल्या मंत्र्याने देशभरातल्या धर्मग्रामांना, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या वस्त्यांना, एक प्रश्नावली पाठवली. धक्का किती वेळ टिकला? नंतर किती धक्के बसले? समुद्र आधी ओसरला की चढला? किती घरं पडली, किती माणसं गेली?

उत्तरं लिहायची होती गावोगावच्या पाद्र्यांनी. हा तपशील मला विलक्षण वाटतो. ज्यांनी व्यासपीठावरून पापाबद्दल बोलावं, त्यांच्या हाती एक कागद आला आणि त्या कागदावर पापासाठी रकानाच नव्हता. कोणी त्यांची श्रद्धा खोडून काढली नाही. त्यांना फक्त वेळ आणि पाण्याची पातळी विचारली. भूकंपशास्त्राच्या इतिहासात आज ही प्रश्नावली मानाने सांगितली जाते. हादरलेली जमीन दोन्ही चर्चाविश्वांत एकच होती आणि मेलेली माणसं खरोखर मेली होती. मात्र एकीकडून उपास-प्रार्थना निघाल्या आणि दुसरीकडून भूकंपात तग धरतील अशा लाकडी सांगाड्याच्या इमारती. बोलण्याचे परिणाम असे दगडविटांत उतरतात, आणि म्हणूनच बोलणं तपासायचं. तुमच्या बेरोजगाराचे हाल याच अर्थाने खरे आहेत. ते कोणत्या रकान्यात पडतात, यावर त्यांचं पुढे काय होणार हे ठरतं.

आता प्रत्यक्ष काम. बहुतेक जण शब्द शोधण्यापासून सुरुवात करतात: ‘संकट’ किती वेळा आलं, ‘युवा’ किती वेळा. याने फार काही सापडत नाही. भाषाभ्यासक नॉर्मन फेअरक्लफच्या पद्धतीत मजकूर, तो तयार होण्याची आणि वाचला जाण्याची प्रक्रिया आणि भोवतालचा समाजव्यवहार असे तीन थर एकत्र बघायचे असतात. त्यातला मजकुराचा थर मराठीत काम करणाऱ्याला फार काही देऊन जातो. ‘नोकऱ्या गेल्या’ या वाक्यात नोकऱ्या स्वतःच्या पायांनी चालत गेल्यासारख्या वाटतात. ‘कामगार कपात करण्यात आली’ यात कोणीतरी काहीतरी केलं आहे, पण ते कोणी, हे व्याकरणानेच झाकलं आहे. सरकारी मराठी या ‘करण्यात आली’वरच उभी आहे. ‘कंपनीने चारशे जणांना काढलं’ यात कर्ता उजेडात आहे. एकाच अहवालात नोकऱ्या निर्माण करणारा कर्ता नाव घेऊन येतो आणि नोकऱ्या जातात तेव्हा वाक्याला कर्ताच उरत नाही, असं दिसलं तर ते टिपून ठेवा. पण एका वाक्यावर सिद्धान्त उभारू नका. आकृतिबंध अनेक कागदांत, वेगवेगळ्या हातांनी लिहिलेल्या मजकुरांत पुन्हा पुन्हा दिसला पाहिजे, तरच तो चर्चाविश्वाचा. नाही तर ती एका लेखकाची लकब.

आणि ज्या कागदांकडे कोणी बघत नाही तिकडे जा: व्याख्या, अर्जांचे नमुने, गणनेच्या सूचना. अग्रलेख मतं सांगतो. नमुना-अर्ज ठरवतो की कोण अस्तित्वात आहे. १९८२ मध्ये श्रमसंख्याशास्त्रज्ञांच्या तेराव्या आंतरराष्ट्रीय परिषदेने बेरोजगाराची व्याख्या ठरवली: ज्याला काम नाही, जो कामासाठी उपलब्ध आहे आणि जो काम शोधतो आहे. संदर्भकाळात एक तासभर जरी काम केलं तरी माणूस रोजगारात गेला. शोधून थकला आणि शोधणं सोडलं, तर तो बेरोजगारही राहत नाही, श्रमशक्तीच्या बाहेर जातो. म्हणजे निराशा वाढली की बेरोजगारीचा दर उतरू शकतो. यात कोणाचीही लबाडी नाही. देशादेशांत तुलना करायची तर कुठेतरी रेघ मारावीच लागते. पण त्या रेघेनंतर जो बोलतो तो तिच्या आतच बोलतो, सरकारवर टीका करणाराही. २०१३ मध्ये एकोणिसाव्या परिषदेने रेघ हलवली. काम या संकल्पनेत घरातलं बिनमोबदल्याचं कामही आलं, पण रोजगार म्हणजे मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी केलेलंच काम असं ठरलं. मुख्यतः स्वतःच्या घरी खाण्यापुरतं पिकवणारा शेतकरी आधीच्या मोजणीत रोजगारात होता, नव्या मोजणीत त्यातून बाहेर पडला. त्याचं शेत तेच, घाम तोच.

१९८२ आणि २०१३ चे हे दोन ठराव शेजारी ठेवून ओळीने वाचा. प्रत्येक ओळीला फुकोचे ते चार प्रश्न विचारा. कोण कुठल्या वर्गातून कुठे सरकला याचा तक्ता करा, आणि सरकलेल्यांपैकी कोणाचा आवाज त्या बदलाच्या चर्चेत होता, हे शोधा. मग तुमच्या वृत्तपत्रांत ते आकडे उतरतात तेव्हा व्याख्या सोबत येते की गळून पडते, हे तपासा. पहिलं प्रकरण ठरावांवर लिहा, वृत्तलेख दुसऱ्या प्रकरणात येऊ द्या. आणि फुको पुन्हा वाचायचा तर १९६९ च्या पुस्तकापासून नको. आधी १९७० चं व्याख्यान, मग रिव्हिएरचे कागद, आणि त्यानंतर ते पुस्तक.